‘द हंगर गेम्स’मधील हिंसा आणि कुमारवाचक

सुझान कॉलिन्स या अमेरिकी लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली आणि ‘कॅचिंग फायर’ (२००९) व ‘मॉकिंगजे’ (२०१०) या भागांनी तिची त्रयी पूर्ण झाली. साधारणतः बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी असलेल्या ज्या लेखनाला इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात, त्या कुमारसाहित्यात ही त्रयी मोडते. तिचा विषय मात्र मुलांनी मुलांना ठार मारण्याचा आहे. पॅनेम नावाच्या कल्पित राष्ट्रात, पूर्वी फसलेल्या एका बंडाची शिक्षा म्हणून, बारा प्रांतांतून दरवर्षी एकेक मुलगा व एकेक मुलगी झुंजीसाठी घेतली जाते, आणि त्या चोवीस जणांपैकी एकच उरेपर्यंत चालणारा संहार साऱ्या राष्ट्राला दूरचित्रवाणीवर पाहावा लागतो. निवडल्या जाणाऱ्यांचे वयही बारा ते अठराच असते, म्हणजे मरणारा आणि वाचक यांच्यात वयाचे अंतर लेखिकेने ठेवलेलेच नाही.

ग्रंथालये व शाळा यांतून ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक तक्रारी येतात, अशा दहा पुस्तकांची यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी जाहीर करते, आणि २०१०, २०११ व २०१३ या वर्षांच्या याद्यांत ‘द हंगर गेम्स’चे नाव होते. हिंसा हे त्यांतले एक कारण समजण्यासारखे आहे. पण २०१०मध्ये लैंगिक वर्णनांचा आणि २०११मध्ये सैतानी आशयाचाही आक्षेप नोंदवला गेला. ज्या कथेत शृंगार चुंबनापलीकडे फारसा जात नाही आणि देवाचे वा सैतानाचे नावही निघत नाही, तिच्याविषयीचे हे आक्षेप पुस्तक न उघडताच घेतले गेले असावेत, अशी शंका येते. कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाच्या बाबतीतही मोजमाप असेच ढोबळ राहिले. २०१२ साली ब्रिटनमध्ये, बारा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीने पाहता यावा म्हणून, त्यातील रक्ताची सात सेकंदांची दृश्ये काढण्यात आली.

रक्ताच्या अशा हिशेबातून कादंबरीविषयी फार थोडे कळते, कारण तिची हिंसा वाचकापर्यंत कशी पोहोचते हे निवेदनावर ठरते. सोळा वर्षांची कॅटनिस स्वतःची कथा वर्तमानकाळात सांगते, त्यामुळे तिला दिसेल तेवढेच वाचकाला दिसते. पहिल्याच दिवशी अकरा मुले मरतात, पण त्यांतील बहुतेकांची वार्ता तोफेच्या आवाजाने आणि रात्री आकाशात झळकणाऱ्या चेहऱ्यांनी कळते. लेखिका खऱ्या अर्थाने थांबते ती रू या बारा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूपाशी, आणि तो मृत्यू वाचकाला चटका लावून जातो. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम व दुसरीकडे इराक युद्धाची दृश्ये दिसली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे कॉलिन्स यांनी सांगितले आहे. मिनोटॉर या राक्षसासाठी अथेन्समधील तरुण-तरुणींची खंडणी पाठवली जाण्याची ग्रीक पुराणकथाही त्यामागे आहे. पॅनेमच्या राजधानीतील प्रेक्षक ज्या उत्सुकतेने झुंज पाहतात, त्याच उत्सुकतेने वाचकही पाने उलटतो, आणि ही अडचण कादंबरी पुरती सोडवत नाही.

तिचा खरा दोषही येथेच आहे. कॅटनिसच्या हातून होणारी प्रत्येक हत्या बचाव, तत्काळ प्रतिकार किंवा दया यांपैकी कशात तरी बसेल, अशी घटनांची मांडणी केलेली आहे. शेवटचा प्रतिस्पर्धी केटो याचे लचके कृत्रिमरीत्या घडवलेली श्वापदे तोडतात आणि तिच्याकडे उरतो तो यातना संपवणारा बाण. निरपराध मुलाला जाणूनबुजून मारण्याचा प्रसंग नायिकेवर येऊ न दिल्यामुळे कोवळ्या वाचकाला दिलासा मिळत असला, तरी प्रश्न तेवढा सोपा होतो.

‘मॉकिंगजे’मध्ये ही सवलत नाही. झुंजीत कॅटनिसबरोबर तिच्याच प्रांतातून गेलेल्या पीटाच्या आठवणी विषाच्या साह्याने विकृत केल्या जातात. कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम जखमी मुलांच्या मदतीला धावली असता दुसऱ्या स्फोटात मरते आणि तो बॉम्ब राजधानीविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचाच असावा असा संशय उरतो. पुढे, राजधानीतील मुलांना झुंजवावे काय या प्रश्नावर कॅटनिस होकारार्थी मत देते. त्या होकारामागे सूड होता की डाव, याचा निर्णय अनुभवी वाचकालाही चटकन करता येत नाही.

सोळा वर्षांच्या अभिमन्यूचा वध मराठी घरांत लहानपणीच ऐकवला जातो, त्यामुळे पुस्तकात मृत्यूच नको हा आग्रह येथे टिकणारा नाही. तथापि तो वध सांगणारे कोणी मोठे माणूस समोर असते, तर ही त्रयी इंग्रजी माध्यमातील मूल बहुधा एकटेच वाचते. भाषा सोपी, वाक्ये आखूड, त्यामुळे दहा वर्षांचे मूलही ती वाचताना अडखळत नाही. वाचता येणे आणि पेलणे यांतील फरक तेथे लपून जातो. पहिला भाग तेराव्या वर्षापासून निर्धास्तपणे द्यावा. तिसऱ्यासाठी पंधरावे वर्ष उजाडू द्यावे, आणि तो मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी निदान त्याची अखेरची प्रकरणे स्वतः वाचावीत.