बसऱ्याचे आजोबा

एम.ए.च्या वर्गात मर्ढेकर शिकवताना महायुद्धाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. 'काही कविता' १९४७ सालच्या. तेव्हा दुसरे महायुद्ध, यंत्रयुग, महानगरातला एकाकी माणूस अशी पार्श्वभूमी सांगून आपण कवितेकडे वळतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, मग पहिल्या महायुद्धाचा आपल्याशी काहीच संबंध नव्हता का?" मी नेहमीचे उत्तर दिले. ते युद्ध युरोपचे होते, आपल्या साहित्यावर त्याचा ठसा फारसा उमटला नाही, वगैरे. उत्तर देतानाच आजीची आठवण आली आणि आपण खोटे बोलत आहोत असे वाटले.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. तिच्या बोलण्यात 'बसऱ्याचे आजोबा' वरचेवर येत. हे तिचे थोरले चुलते. नात्याने आमचे पणजोबा, पण घरात त्यांना सगळे आजोबाच म्हणत. ते पलटणीत होते, बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत, एवढीच त्यांची कथा. आजीचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे तिलाही सारे ऐकूनच माहीत. लहानपणी मला बसरा हे आजीच्या माहेराकडचेच एखादे गाव वाटे.

हा बसरा साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला का यावा? शाळेच्या पुस्तकात कारण एका वाक्यात आटोपते: २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. पण त्या गोळीपासून इराकच्या वाळूपर्यंतचा रस्ता साम्राज्यांच्या हिशेबातून जातो. करारांनी एकमेकांशी बांधलेली राष्ट्रे पाच-सहा आठवड्यांत युद्धात ओढली गेली. ४ ऑगस्टला ब्रिटन उतरले आणि हिंदुस्थानला न विचारता हिंदुस्थानही उतरला. ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होते. इराणी तेलाच्या कंपनीत ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी निम्म्याहून अधिक भांडवल घेतले होते आणि तिचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना आबादानला, म्हणजे तुर्की हद्दीच्या तोंडावर होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबईहून आणलेल्या फौजेने बसरा घेतला. या फौजेचे नाव होते सहावी पूना डिव्हिजन.

तेल सुरक्षित झाले होते. तिथेच थांबता आले असते. पण बगदाद दिसू लागले. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही डिव्हिजन नदीकाठाने वर सरकत गेली आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तिचे कंबरडे मोडले. मागे हटून ती कुत-अल-अमारा येथे आली आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. धर्माची हरकत नाही अशी संमती हिंदुस्थानातून मिळवली, तरी पुष्कळांची जीभ वळेना. जातीत परत घेतील का, ही धास्ती भुकेपेक्षा मोठी होती. त्यांना रक्तपिती झाली. सुटकेच्या प्रयत्नांत बाहेर सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली. टाउनशेंडसाहेबांनी उरलेले युद्ध इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात काढले. शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपले. त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले.

आमचे आजोबा त्यांच्यात होते की नव्हते, हे सांगायला घरात आज कोणी नाही. ते का गेले, हे मात्र आजी सांगे: जमीन थोडी, भाऊ चार. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. पराक्रमाचा विषय तिच्या बोलण्यात कधी आला नाही. ही भाकरीही सर्वांसाठी खुली नव्हती. 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतापायी महारांना सैन्याची दारे आधीच बंद झाली होती. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही गेली.

१९१५ साली पुण्यात 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. रणांगणावर उभ्या असलेल्या माणसाने काय करावे, यावरचा मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ सुशिक्षित महाराष्ट्र वाचत होता, त्याच वर्षी पुण्याचे नाव लावणारी डिव्हिजन टेसिफोनला पडत होती. हा योगायोग वर्षानुवर्षे माझ्या लक्षात आला नव्हता, याचीच मला अधिक लाज वाटते. शिपायाची आई आणि बायको लिहिणाऱ्या वर्गातल्या नव्हत्या. लिहिणाऱ्या वर्गाने त्यांच्याकडे पाहिले नाही. १९१८ साली बोटींबरोबर इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला आणि घाटावर पसरला. आजी त्या साथीला 'मानमोडी' म्हणे. लोकांच्या तोंडी त्या युद्धकाळाचे बसरा आणि मानमोडी हे दोनच शब्द उरले.

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. १९२९ साली त्याचे अनावरण झाले. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली फक्त आकडे. या भेदभावाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. आजीच्या गावातही युद्धानंतर बसवलेली एक छोटी शिला आहे. या गावातून महायुद्धास इतके गेले, पैकी इतके कामी आले, असा मजकूर. इथेही नावे नाहीत. चावडीला दर काही वर्षांनी रंग देताना शिलेवरूनही हात फिरतो. गेलेल्यांचा आकडा अजून वाचता येतो. मेलेल्यांचा रंगाखाली बुजला आहे. मी बोट फिरवून पाहिले, लागला नाही.

आता शिपायांच्या नावांच्या याद्या संगणकावर शोधता येतात. मी एका रात्री शोधायला बसले आणि लक्षात आले की शोधायचे काय, हेच मला ठाऊक नाही. बसऱ्याच्या आजोबांचे नाव आमच्या घरात कोणालाच आठवत नाही. आजी गेली तेव्हा मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. युरोपातल्या युद्धकवींवर टिपणे काढत होते आणि ती शेजारच्या खोलीत होती. मी तिला नाव विचारले नाही.

यंदा मर्ढेकरांच्या आधी एक तास मी याच विषयाला दिला आणि मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून एवढेच सांगितले: घरी जा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि जे परत आले नाहीत त्यांची नावे विचारून लिहून आणा.