एका सामान्य मोटारीच्या निमित्ताने

मोटारींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. एकात नव्या मोटारीचे कौतुक असते, दुसऱ्यात वाहतुकीच्या कोंडीविषयीचा संताप. आधी कुणीतरी वापरलेली, दिसण्यात सुमार, चालवण्यात निरुपद्रवी आणि रोज कामावर नेऊन परत आणणारी लहान मोटार या दोन्ही प्रकारांतून निसटते. वास्तविक 'अशी मोटार घ्यावी का?' हा प्रश्न आमच्या परिचयातील अनेक घरांत चर्चिला गेला आहे. मात्र ती चर्चा हिशेबापर्यंत पोचण्याआधीच 'लोक काय म्हणतील' या मुक्कामी थांबते. सात्त्विक संताप आणि कौतुक दोन्ही बाजूला ठेवून या प्रश्नाकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमची मोटार 2012 सालची वॅगनआर आहे. 2019 साली आम्ही ती 2 लाख 20 हजार रुपयांना घेतली, तेव्हा ती 54 हजार किलोमीटर चाललेली होती. पुण्यात वारज्याहून निघून चांदणी चौक, बावधन, बाणेर असे करीत बाह्यवळण महामार्गाने वाकडला जायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे, हा आमचा नित्यक्रम. जाऊन-येऊन साधारण 34 किलोमीटर होतात. मार्च 2022 पासून पुण्यात मेट्रो धावू लागली खरी. पण वनाझची मेट्रो शहराच्या मध्यातून रामवाडीकडे जाते आणि आमची वाट शहराला वळसा घालते. दोन बस बदलून जाण्याचा प्रयोग आम्ही काही महिने केला होता. त्यात जाणारा वेळ घरच्या परिस्थितीला परवडणारा नव्हता. ती परिस्थिती पुढे ओघाने येईलच.

रोजच्या प्रवासाला मोटारीकडून नेमके काय हवे असते? चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटकांनी पाडला गेला आणि ऑगस्ट 2023 मध्ये तिथे नवे उड्डाणपूल खुले झाले. त्या दहा-अकरा महिन्यांत या रस्त्यावर ताटकळलेल्या कुणालाही हे उत्तर पाठ असेल. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. अशा वेळी इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीची आहे की सदुसष्टची, याने कणभर फरक पडत नाही. फरक पडतो तो क्लच हलका असण्याने, काचेतून चहूबाजूंचे नीट दिसण्याने, मोटार अरुंद जागेत वळण्याने आणि तिचा कोणताही सुटा भाग कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळण्याने. वॅगनआर भारतात डिसेंबर 1999 मध्ये आली. इतकी वर्षे रस्त्यावर असलेल्या मोटारीचे दुखणे मेकॅनिक आवाजावरून ओळखतो. पाहणाऱ्याला जो कंटाळवाणेपणा वाटतो, तो रोज वापरणाऱ्याच्या दृष्टीने अंदाज बांधता येण्याचा गुण असतो.

आता हिशेब. महिन्याला साधारण साडेसातशे किलोमीटर, शहरात लिटरला सरासरी चौदा, म्हणजे सुमारे 53 लिटर पेट्रोल. इंजिन 998 घनसेंटिमीटरचे असल्याने तृतीय पक्ष विम्याच्या सर्वांत खालच्या गटात ही मोटार बसते; 2022 साली ठरलेला त्या गटाचा वार्षिक हप्ता करांखेरीज 2,094 रुपये होता. देखभालीस वर्षाकाठी पंधरा ते अठरा हजार लागतात. याउलट नव्या मोटारीसाठी आठ लाखांचे कर्ज सात वर्षांच्या मुदतीने, नऊ टक्के व्याजाने काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 12,900 रुपये येतो आणि नुसत्या व्याजापोटी दोन लाख ऐंशी हजार जातात. म्हणजे त्या व्याजाच्या रकमेत आमची मोटार विकत येऊन वर पैसे उरले असते.

2019 सालीच आमच्या आईची स्मरणशक्ती तिला सोडून जाऊ लागली. गॅस सुरू राहणे, दार उघडे टाकून जिना उतरणे अशा गोष्टी घडू लागल्यावर दिवसभर तिच्यापाशी कुणीतरी असणे अनिवार्य झाले. पत्नीने शाळेतील नोकरी सोडावी, असा सल्ला नातेवाइकांनी एकमुखाने दिला. त्याऐवजी आम्ही आईजवळ बसायला एक बाई ठेवल्या. त्यांचा त्या वेळचा पगार आणि न घेतलेल्या कर्जाचा हप्ता यांत फारसे अंतर नव्हते. पत्नी आजही शिकवते. या मोटारीच्या खऱ्या किमतीचा विचार करताना आम्हांला ही नोंद पेट्रोलच्या नोंदीइतकीच महत्त्वाची वाटते. शिवाय, ही मोटार उंच आहे. आईला फारसे न वाकता सरळ आत बसता येते, आणि इस्पितळात जाण्याच्या दिवशी या गुणाची थोरवी कळते.

तरीही आमच्या सोसायटीत 'आता बदला ही' असे सुचवणारे हितचिंतक आहेत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. स्कूटरसाठीदेखील वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या पिढीची आपण मुले. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती आली, तेव्हापासून मध्यमवर्गाच्या मनात मोटार हे पोचल्याचे चिन्ह होऊन बसले. चिन्ह जुने आणि स्वस्त असून कसे चालेल? 2009 साली बाजारात आलेल्या नॅनोची गत आठवावी. जगातील सर्वांत स्वस्त मोटार ही ओळखच तिला जाचली, हे खुद्द रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवले. 2018 साली तिचे उत्पादन थांबले. ज्यांना मोटार परवडत नव्हती, त्यांनाही 'स्वस्त मोटारवाले' म्हणवून घ्यायचे नव्हते.

प्रतिष्ठेचा आक्षेप आम्ही हसून सोडून देतो. सुरक्षिततेचा आक्षेप मात्र तसा सोडता येत नाही. 2012 सालच्या नियमांनुसार लहान मोटारीत एअरबॅग असणे बंधनकारक नव्हते आणि आमच्या मोटारीत ती नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी 64 किलोमीटर वेगाने घेतलेल्या चाचण्यांत भारतातील पाच लहान मोटारींच्या मूळ आवृत्त्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नव्हता. कोंडीत रांगणाऱ्या मोटारीला याची झळ कमी, हे खरे; पण बाह्यवळणावर रस्ता मोकळा मिळाला की शेजारून अवजड ट्रक धावत असतात. म्हणून आम्ही या मोटारीने ताशी 60 च्या पुढे जात नाही आणि लांबच्या प्रवासाला ती नेत नाही.

आज जो कुणी अशी मोटार शोधत असेल, त्याला आम्ही उत्पादनाचा महिना आणि वर्ष आधी पाहायला सांगू. जुलै 2019 नंतरच्या मोटारींत चालकाची एअरबॅग आणि 2022 पासूनच्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग असणे बंधनकारक आहे. थोडे अधिक पैसे मोजून त्यानंतरची मोटार घ्यावी. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, पायाखालचा गालिचा उचलून पुराच्या पाण्याची खूण शोधावी, टायरवरचा चार आकडी उत्पादन-क्रमांक वाचावा. 2314 याचा अर्थ 2014 सालचा तेविसावा आठवडा. नमुना 29 आणि 30 भरून मोटार आपल्या नावावर झाल्याची खात्री करावी, आधीच्या मालकाचे कर्ज असल्यास नमुना 35 ने त्या बोज्याची नोंद उतरवून घ्यावी.

आमच्या मोटारीच्या नोंदणीची पंधरा वर्षे 2027 साली भरतील. तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. पण आम्ही तसे करणार नाही. तिच्या जागी दोन एअरबॅगवाली, तितकीच उंच आणि तितकीच नीरस अशी दुसरी वापरलेली मोटार येईल. हितचिंतकांची निराशा होईल, याची आम्हांला कल्पना आहे. आईपाशी बसणाऱ्या बाईंचा पगार दरम्यानच्या काळात वाढला आहे आणि तो दर महिन्याच्या एक तारखेलाच द्यायचा असतो.