सायकल, पतंग आणि मशाल

‘मत वाया घालवू नकोस’ हा आमच्या चेंबूरच्या घरातला निवडणुकीचा मंत्र. वाया न जाणारं मत म्हणजे काँग्रेसला नाहीतर शिवसेना-भाजप युतीला. उरलेले सगळे मतं खाणारे. हार्बरवर पुढचंच स्टेशन गोवंडी, आणि तिथे हा हिशेब पार कोलमडतो.

गोवंडीचा मानखुर्द-शिवाजीनगर मतदारसंघ पुनर्रचनेत तयार झाला. २००९ची पहिलीच निवडणूक समाजवादी पक्षाच्या अबू आसिम आझमींनी जिंकली. मग २०१४, २०१९ आणि २०२४ही. राज्यात ज्या पक्षाचे आमदार एका हाताच्या बोटांवर मोजावेत, तो इथे प्रस्थापित होऊन बसला आहे. साहजिकच देवनारच्या कचऱ्याचा डोंगर, तुंबलेली गटारं, पाण्याची मारामार यांचा राग त्याच्यावरही निघतो, आणि मतदार आणखी नव्या पक्षाकडे वळतो. नोव्हेंबर २०२४मध्ये एमआयएमचा पतंग आझमींच्या सायकलच्या मागोमाग दुसरा आला. शिंदेंच्या शिवसेनेचा धनुष्यबाण तिसरा, राष्ट्रवादीचे घड्याळवाले नवाब मलिक चौथे. (शेवटचे दोघेही महायुतीतलेच, हे विशेष.) आझमी निवडून आले ते तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मतांवर. तेव्हा मतफुटीची भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

मला जास्त कुतूहल आहे ते त्याच वर्षीच्या मे महिन्याचं. लोकसभेला वंचित बहुजन आघाडीचा उमेदवार रिंगणात होता. तरी याच वस्त्यांनी ठाकरे गटाच्या संजय दिना पाटलांच्या मशालीला अशी भरभरून मतं दिली, की ईशान्य मुंबईतला त्यांचा जेमतेम ३० हजारांचा विजय या एका भागातल्या आघाडीवरच उभा राहिला. ९२-९३च्या दंगली न विसरलेल्या मुस्लीमबहुल वस्त्यांनी शिवसेनेच्या एका गटाला निवडून आणावं! दिल्लीसाठी एक हिशेब, सहा महिन्यांनी विधानसभेसाठी दुसरा.

ज्याला जास्त मतं त्याची जागा, अशा पद्धतीत लोक हरणाऱ्याला सोडून देतात आणि शेवटी दोनच पक्ष उरतात, असं फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५०च्या दशकात मांडलं. गोवंडीतही लढत दोघा-तिघांतच होते; पण ते दोघं-तिघं कोण, हे निवडणुकीगणिक बदलतं. म्हणूनच असे पक्ष मतं फोडणारी भाजपची ‘बी टीम’ असल्याची तक्रार मला कधी पटली नाही. मतं आधीच कुणाच्या तरी ताटात वाढून ठेवलेली होती, असं ती धरून चालते.

जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत एमआयएमचे आठ नगरसेवक आले, बहुतेक याच पट्ट्यातून. २०१७ला सहा जागा मिळवणारा समाजवादी पक्ष दोनवर आला. आता गटार तुंबलं की लोक पतंगवाल्याचं दार ठोठावणार, आणि त्याला ‘सत्ता आमच्याकडे नाही’ म्हणून सुटता येणार नाही. सायकलवाल्यांनी हे बरीच वर्षं म्हणून पाहिलंय.