शालीन वेशभूषा

महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकांवर दोन कामे हमखास सोपवली जातात. एक स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन आणि दुसरे सूचनाफलकावरील मजकुराचे लेखन. 'तुमची भाषा चांगली आहे' हे त्यामागचे कारण. आम्ही दोघे एकाच विभागात, एकाच स्टाफरूममध्ये गेली सतरा वर्षे शेजारी बसतो. एका तालुक्याच्या गावातील आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी जेव्हा गणवेशाची सक्ती झाली, तेव्हा सूचनेचा मसुदाही अर्थातच आमच्याकडे आला. आम्ही लिहिले: 'विद्यार्थ्यांनी गणवेशातच यावे. शनिवारी गणवेशाची सक्ती नाही; मात्र वेशभूषा शालीन असावी. नियम न पाळणाऱ्यास आवारात प्रवेश दिला जाणार नाही.' प्राचार्यांनी एकही शब्द न बदलता सही केली. आम्हांला त्याचा थोडा आनंदही झाला, हे येथे नोंदवले पाहिजे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. शिस्त समितीच्या पाळीने आम्ही दोघे सकाळी सव्वासातला फाटकाशी उभे होतो. प्रथम वर्ष कलाशाखेतला एक मुलगा सायकल हातात धरून आला. रात्रभर पेट्रोल पंपावर काम करून तो थेट तेथूनच आला होता. अंगात पंपाचा सदरा, खिशावर कंपनीचे चिन्ह, बाहीवर ऑईलचा डाग. त्याला आम्ही थांबवले. तो म्हणाला, ''मॅडम, हा पण गणवेशच आहे.'' मागे उभी असलेली मुले हसली. आम्हीही हसलो. मग नियम नियम असतो असे सांगून त्याला परत पाठवले. त्याचे गाव अकरा किलोमीटरवर. त्या दिवशी पहिल्याच तासाला आमच्याच विषयाची अंतर्गत मूल्यमापनाची चाचणी होती आणि तो तिला नव्हता, हे आम्हांला दुपारी उत्तरपत्रिका मोजताना कळले.

त्या संध्याकाळी आम्ही आपापल्या शाळेबद्दल बोलत बसलो. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. पांढरा सदरा आणि खाकी चड्डी, मुलींना निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाऊज, तेल लावून घट्ट घातलेल्या आणि दुमडून वर बांधलेल्या दोन वेण्या, त्यांना तांबड्या रिबिनी. आमच्यापैकी एकीची एक रिबीन हरवली तेव्हा आईने जुन्या लुगड्याचा तांबडा काठ फाडून वेणीला बांधून दिला. बाईंनी प्रार्थनेच्या वेळी तिला ओळीबाहेर काढले. चाळीस वर्षांच्या आसपासचे अंतर पडल्यावर आता जाणवते ते असे, की नियमाच्या दृष्टीने बाईंचे चुकले नव्हते. काठ म्हणजे रिबीन नव्हे. चुकले होते ते एवढेच, की तो काठ कोठून आला हे त्यांनी विचारले नाही.

दुसऱ्याची आठवण याच्या उलट आहे. त्याच्याकडे गणवेशाचा एकच जोड होता. पावसाळ्यात तो रात्री धुऊन चुलीजवळ वाळत घातला जाई आणि सकाळी वर्गात त्याला धुराचा वास येई. सगळ्यांचे सदरे पांढरे, हे म्हणायचे. नीळ घातलेला पांढरा, टिनोपॉलचा पांढरा आणि विहिरीच्या मचूळ पाण्याने पिवळा पडलेला पांढरा हे सारे प्रार्थनेच्या रांगेत एकमेकांशेजारी उभे असत. गणवेशामुळे गरिबी झाकली जाते असे सांगणाऱ्यांनी ही रांग बहुधा मंचावरून पाहिलेली असते. परंतु हेही तितकेच खरे, की मोठ्या बहिणीच्या लग्नात तो शाळेचा गणवेश घालूनच मिरवला. कारण ठिगळ नसलेला तेवढाच एक कपडा घरात होता. म्हणून गणवेशाला सरसकट जुलूम म्हणायला आमची जीभ रेटत नाही. गणवेश देणे ही एक गोष्ट आहे. गणवेश नाही म्हणून दार लावणे ही अगदी वेगळी गोष्ट.

हा फरक आपल्या राज्याने अलीकडेच मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. सरकारी शाळांतील मुलांना गणवेशासाठी एका जोडामागे 300 रुपये, म्हणजे दोन जोडांना 600 रुपये मिळत आणि कापड, रंग, शिंपी हे शाळा व्यवस्थापन समिती ठरवी. 2023 साली 'एक राज्य, एक गणवेश' अशी घोषणा झाली. 2024-25 या वर्षात कापड एकत्रित घेऊन महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरले. अनेक शाळांत महिनोन्‌महिने गणवेश पोचले नाहीत. पोचले त्यांत मापे चुकलेली निघाली. डिसेंबर 2024 मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. मुलाच्या खांद्याचे माप मंत्रालयातून घेता येत नाही, असा याचा साधा अर्थ.

त्याच वर्षी, मार्च 2024 मध्ये, शासनाने शालेय शिक्षकांसाठीही पोशाखाचे नियम काढले. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंगाचे वा चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. शाळांत शिकवणारे आमचे अनेक मित्र त्या वेळी संतापले. कोणी काय नेसावे हे सरकारने का सांगावे, आमच्या विवेकावर विश्वास नाही काय, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते आम्हांला पूर्ण पटले. मात्र याच मित्रांपैकी काहीजण केस वाढवलेल्या मुलाला भर वर्गात उभे करतात, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. फाटकाशी आम्हीही उभे होतो.

पोशाखाचा प्रश्न न्यायालयात गेला की तो बहुधा धर्माच्या वाटेने जातो. कर्नाटकात फेब्रुवारी 2022 मधील शासन आदेशानंतर हिजाब घालणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर राहावे लागले. 15 मार्च 2022 रोजी तेथील उच्च न्यायालयाने तो आदेश ग्राह्य धरला. 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य मानली. न्या. सुधांशू धूलिया यांनी तो मुलीच्या निवडीचा प्रश्न मानला आणि तिचे शिक्षण सर्वांत महत्त्वाचे ठरवले. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांना मनाई केली, तेव्हा 26 जून 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. पण 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला अंशतः अंतरिम स्थगिती दिली. विद्यार्थ्यांचा धर्म दिसू नये हा आपला हेतू असल्याचे महाविद्यालयाने सांगितले होते. त्यावर, मग नावांवरून धर्म कळत नाही काय, असा प्रश्न न्यायपीठाने केला. हजेरीपट वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना तो विशेष कळतो. नावावरून केवळ धर्मच नव्हे तर जातही कळते, आणि गणवेश घातला म्हणून ती कळायची थांबत नाही.

याहून जुना एक निकाल आम्हांला अधिक जवळचा वाटतो. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे ते गात नसत. 1985 साली त्यांना शाळेतून काढले. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्या मुलांनी कोणाला अडवले नव्हते, वर्ग मोडला नव्हता. शिस्त आणि एकसारखेपणा या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्या निकालातून आम्ही शिकलो. वर्ग शांत चालावा हा नियमाचा योग्य हेतू आहे. वर्ग एका रंगाचा दिसावा हा हेतू तपासून पाहावा लागतो.

आमच्या बाबतीत धर्म नव्हता, कोणी याचिका करणार नव्हते. होती ती एक रात्रपाळी. ज्या हक्काला कलम नाही, घोषणा नाही, तो हक्क आपले कारण ऐकून घेतले जाण्याचा. आणि तोच आम्ही नाकारला होता. व्याकरण हा आमचा व्यवसाय, म्हणून नंतर आम्ही स्वतःचाच मसुदा तपासायला घेतला. 'शालीन' हा शब्द पाणिनीने 'शाला' या शब्दापासून साधला आहे. शाला म्हणजे घर. त्याने दिलेला अर्थ 'अधृष्ट', म्हणजे जो धीटपणा करत नाही, बुजतो, तो. शालेत कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्यासाठी आम्ही नेमका बुजऱ्या माणसाचा शब्द निवडला होता! धीटपणे, पण अत्यंत अदबीने बोललेल्या मुलाला आम्ही परत पाठवले, यात म्हणूनच नवल नाही. आणि 'गण' हा शब्द सैन्याच्या तुकडीलाही आहे आणि गणराज्यातही आहे. फाटकावर उभे राहिल्यावर आम्हांला त्यातला पहिलाच अर्थ सुचला.

त्या मुलाची चाचणी आम्ही पुन्हा घेतली. सूचनेचा नवा मसुदा प्राचार्यांना दिला. त्यात 'शालीन'च्या जागी 'नीटनेटकी' असे लिहिले आणि एक वाक्य वाढवले: 'गणवेश नसल्यास कारण विचारून त्याची नोंद करावी, विद्यार्थ्यास वर्गाबाहेर ठेवू नये.' पहिला बदल लगेच मान्य झाला. दुसऱ्या वाक्याशेजारी पेन्सिलीने 'पुढील बैठकीत पाहू' असा शेरा आला. ती बैठक अद्याप झालेली नाही.

तोवर आमच्या पाळीच्या दिवशी आम्ही एक वही घेऊन उभे राहतो आणि कारण लिहून घेऊन आत सोडतो. 'धुतला, वाळला नाही.' 'रात्रपाळी.' 'बहिणीला दिला, तिची तोंडी परीक्षा आहे.' 'मामाकडून आलो, तिकडेच राहिला.' काही कारणे खोटीही असतील. फाटकाशी मुले इतक्या लवकर रचतात की मराठीचे शिक्षक म्हणून कधीकधी कौतुकच वाटते. सहकारी म्हणतात, अशाने शिस्त बिघडेल. आमच्या पाळीच्या दिवशी वर्ग इतर दिवसांइतकेच शांत असतात.

तो मुलगा पदवी घेऊन केव्हाच गेला. पुढची अडीच वर्षे तो महाविद्यालयाचा सदरा पिशवीत घालून पंपावर नेत असे आणि सकाळी सायकल स्टँडच्या मागे बदलून फाटकाशी येत असे. आम्हांला पाहून नमस्कार करी. चाचणी पुन्हा घेतली, सूचनेतला शब्द बदलला, वही सुरू केली. पण त्या सकाळी आपण हसलो त्याबद्दल त्याची माफी मागायची मात्र राहून गेली.