तारखेला जाणे

आमच्या भागात शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीला ‘तारीख’ म्हणतात. कोर्टाला जो शब्द, तोच दवाखान्याला. ‘तारखेला निघालो’ एवढे म्हटले की अंबाजोगाईच्या बसस्थानकावर भेटलेला ओळखीचा माणूस पुढे काही विचारत नाही. तो फक्त पाहतो, आणि पाहतो ते हनुवटीकडे.

जून २०२४ मध्ये आम्हां दोघांपैकी एकाच्या खालच्या जबड्याचा डावीकडचा भाग कर्करोगामुळे काढावा लागला. तिथे पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड बसवले, मानेतल्या गाठी काढल्या, पुढे सहा आठवडे किरणोपचार झाले. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. आमच्या घरातली सवय त्याहून जुनी आणि तळहातावर मळायच्या तंबाखूची. उत्तरपत्रिकांचे कित्येक गठ्ठे तिच्याच आधाराने तपासले गेले. एकाने ती सोडली नाही आणि दुसऱ्याने कधी नेट धरून सोडवली नाही. तेव्हा हिशेब दोघांच्या नावावर.

पूर्वी आमच्याकडची माणसे अशा दुखण्यासाठी बार्शीला जात, नाहीतर थेट मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात. आता छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तरी एका बाजूचा प्रवास दोनशे किलोमीटरांहून अधिक. पहाटेची लाल गाडी, मांडीवर फाईल. दासोपंतांनी पासोडीवर लिहिले. आमची फाईलही हळूहळू त्या लांबीकडे निघाली आहे.

पहिल्या वर्षी महिन्या-दोन महिन्यांनी बोलावतात, नंतर अंतर वाढत जाते. हा आजार उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून ही घाई. डॉक्टर मान चाचपतात, विजेरी लावून तोंडात पाहतात, मग पट्टीने तोंड किती उघडते ते मोजतात. पस्तीस मिलिमीटरांच्या खाली गेले तर तोंड जखडले असे समजतात. आमचे अठराला थांबले होते. व्यायाम म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एखादी वाढवायची. किरणोपचार झालेल्या जबड्यातला दात गावात परस्पर काढून घ्यायचा नाही, हाड सडू शकते. थायरॉइडचे रक्त वेळोवेळी तपासायचे. हे सारे आम्ही विद्यार्थ्यांसारखे लिहून घेतले. खांद्याचे मात्र कोणी सांगितले असेल तर ते आमच्या कानावरून गेले. मानेच्या शस्त्रक्रियेत खांद्याच्या नसेला धक्का लागतो आणि हात वर जात नाही. फळ्याचा वरचा अर्धा भाग तेव्हापासून कोराच राहतो.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. ओष्ठ्य, दंत्य, मूर्धन्य, तालव्य ही उच्चारस्थानांची आकृती वीस वर्षे फळ्यावर काढली. ती आकृती कधी घरात दुखू लागेल असे वाटले नव्हते. खालचा ओठ बधिर, म्हणून प, ब, म सैल पडतात. जिभेचे टोक वर वळत नाही, म्हणून ट आणि ड पुसट होतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे च एकमेकांत मिसळले. ‘ळ’ तर गेलाच. ‘काळा’चे ‘काया’ करणारी वऱ्हाडी बोली अशुद्ध नाही, असे आम्ही वर्गात नेहमी ठासून सांगतो. पण स्वतःच्या तोंडून ‘काला’ आले त्या दिवशी तेवढ्या भाषाशास्त्राने समाधान झाले नाही.

मग एक सोय रुजली. दुकानात, फोनवर, पाहुण्यांपुढे एकासाठी दुसऱ्याने बोलायचे. ‘आम्ही ठीक आहोत,’ ‘आम्हांला तिखट चालत नाही.’ ओपीडीतही तसेच. डॉक्टर एकाकडे पाहून विचारत आणि उत्तर दुसऱ्या खुर्चीतून येई, तेही व्यवस्थित, तारीखवार. ऑक्टोबर २०२५ च्या तारखेला डॉक्टरांनी हात वर करून ते थांबवले. म्हणाले, “मॅडम, सरांचं मला सरांच्याच तोंडून ऐकायचंय. बोलणं बदललंय का, हेही मला त्यातच कळतं.”

बराच वेळ गेला. मग तुटक, ओल्या उच्चारांत उत्तर आले: तीन आठवड्यांपासून डावा कान दुखतो आहे.

हे घरात सांगितलेले नव्हते. जबड्याच्या या आजारात कानाकडे जाणारी कळ डॉक्टर हलक्यात घेत नाहीत. त्याच दिवशी स्कॅन लिहून दिला. अहवाल आठवड्याने आला आणि त्यात काही निघाले नाही. पण परतीच्या गाडीत बीड येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सर्वनामांवर आम्ही तासच्या तास घेतले आहेत. ‘आम्ही’च्या आत एक ‘मी’ तीन आठवडे गप्प बसू शकतो, हे त्यात कधी शिकवले नव्हते.

त्याच सकाळी, गर्दीमुळे, त्याच मेजाशी धारूरकडचे एक जोडपे उभे होते. ऊसतोडीचे. नवऱ्याच्या गालाची शस्त्रक्रिया पावसाळ्यात झालेली आणि पुढची तारीख डिसेंबरात पडत होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. दिवाळीच्या सुमारास फड सुरू झाला की मार्च-एप्रिलपर्यंत सुटका नाही, आणि एकाचा खाडा म्हणजे दोघांचा खाडा.

“उचल घेतलीय साहेब,” ती म्हणाली, “कोल्हापूरकडं जायचंय. आमचा एकच कोयता हाये. त्यांला काई दुखत नाई आता.”

डॉक्टरांनी कोल्हापुरात दाखवता यावे म्हणून चिठ्ठी लिहिली, तपासणीत काय काय पाहायचे ते तिच्यात मांडले. मग ती तिच्या हातात न देता नवऱ्यापुढे धरली.

“तुम्ही जाल का?”

त्याने आधी बायकोकडे पाहिले. मग तोंड उघडेल तेवढे उघडून म्हणाला, “मुकादमाला इचारावं लागंल.”

चिठ्ठी मात्र त्याने घेतली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.