‘ध’ चा ‘मा’

‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, वर्गांत एखाद्या मुलानें फळ्यावरील शब्द चुकीचा उतरून घेतला तरी शेजारचा मुलगा हंसून तोच त्याला ऐकवितो. या दोन अक्षरांच्या मागें एका अठरा वर्षांच्या मुलाचें प्रेत आहे, हें त्या हंसणाऱ्या मुलास बहुधा ठाऊक नसतें.

इ. स. १७७२ च्या नोव्हेंबरांत थोरले माधवराव पेशवे निवर्तले व त्यांचे धाकटे बंधु नारायणराव गादीवर आले. चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा शनिवारवाड्यांतच नजरकैदेंत होते. पुढील वर्षीं, गणेशोत्सवाचे दिवस असतां, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी थकलेल्या पगाराचें निमित्त करून वाड्यांत शिरले. नारायणराव जीव घेऊन धांवले, ते थेट चुलत्यांकडे; आणि तेथेंच मारले गेले. ‘काका, मला वांचवा’ ही हांक त्या दिवसापासून महाराष्ट्राच्या कानांत आहे. परंपरा अशी सांगते कीं, राघोबादादांनीं गारद्यांस दिलेल्या पत्रांत नारायणरावांस ‘धरावें’ असें लिहिलें होतें. दादांच्या पत्नी आनंदीबाई यांनीं त्यांतील ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ‘धरावें’ चें ‘मारावें’ झालें.

पत्राची गोष्ट परंपरेची आहे, खून मात्र इतिहासाचा आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून दोष ठेवला तो राघोबादादांवर. लोकांच्या जिभेवर मात्र दोष राहिला तो आनंदीबाईंच्या लेखणीवर. शास्त्र्यांचा निवाडा आणि लोकांचा निवाडा यांत हें अंतर कां पडावें, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आला आहे. आणि त्याचें उत्तर आम्हांस इतिहासापेक्षां रंगभूमीवर अधिक सांपडलें.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं याच प्रसंगावर ‘भाऊबंदकी’ हें नाटक लिहिलें. तें १९०९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील आनंदीबाई पाहतांना शेक्सपिअरच्या मॅक्बेथची पत्नी आठवल्यावांचून राहत नाहीं. मॅक्बेथही मराठी रंगभूमीस परका नाहीं. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनीं त्यास ‘मानाजीराव’ केलें आणि वि. वा. शिरवाडकरांनीं १९५४ सालीं ‘राजमुकुट’ या नांवानें त्यास पुन्हां मराठी पोषाख चढविला. दुर्गाबाई खोटे यांनीं ‘राजमुकुटां’त मॅक्बेथच्या पत्नीची भूमिका केली आणि ‘भाऊबंदकी’त आनंदीबाईचीही. एकाच नटीनें हीं दोन्ही पात्रें उभीं करावीं यांत आम्हांस योगायोगापेक्षां कांहीं अधिक दिसतें.

विद्यार्थिमित्रांस मॅक्बेथची कथा ठाऊक असेलच. नसेल त्यांनीं ग्रंथालयांत जाऊन ती वाचावी. येथें आम्हांस तिच्यांतील एकाच स्थळाकडे लक्ष वेधावयाचें आहे. लढाई जिंकून परत येत असतां माळरानावर तीन चेटकिणी मॅक्बेथास गांठतात आणि तूं राजा होशील असें भविष्य सांगतात. राजा होशील, एवढेंच. कोणाला मारून होशील, केव्हां होशील, याविषयीं त्या एक अक्षरही बोलत नाहींत. तरी ते शब्द कानीं पडतांच मॅक्बेथ दचकतो! शुभवार्ता ऐकून माणूस दचकेल कशाला? त्याचा सोबती बॅंको हाच प्रश्न त्याला तेथल्या तेथें विचारतो. आमच्या मतें साऱ्या नाटकाची किल्ली त्या दचकण्यांत आहे. चेटकिणींनीं त्याच्या मनांत कांहीं नवें पेरलें नाहीं. तेथें आधींच जें होतें, त्याला त्यांनीं नांवानें हांक मारली.

याचा पुरावा नाटककारानें बॅंकोच्या रूपानें शेजारींच उभा केला आहे. भविष्य त्यालाही मिळालें होतें: तूं राजा होणार नाहींस, पण तुझे वंशज राजे होतील. त्या रात्रीं दुष्ट विचार त्याच्याही मनांत येऊं पाहतात. तो ते लपवीत नाहीं. झोंपेंत मन मोकाट सुटतें तेव्हां मला आवर, अशी तो देवाची करुणा भाकतो. माळरान तेंच, चेटकिणी त्याच, भविष्यही गोडच; एक जण प्रार्थना करून निजावयास जातो आणि दुसरा हातांत खंजीर घेऊन राजाच्या दालनाकडे वळतो. दैवानें दोघांस सारखेंच वागविलें असतां एकाच्याच हाताला रक्त कां लागावें?

मॅक्बेथानेंही एक पत्र लिहिलें आहे. तें आपल्या पत्नीस. त्यांत चेटकिणींची भेट व त्यांचें भविष्य एवढेंच आहे. खुनाचा उल्लेख नाहीं, सूचनाही नाहीं. पण तें वाचून होतांच त्या बाईच्या मनांत सारा बेत उभा राहतो. म्हणजे येथेंही ‘ध’ चा ‘मा’ झालाच. मात्र लेखणी कोणीं उचलली नाहीं. लिहिणारानें अर्धें लिहावें आणि वाचणारानें उरलेलें वाचावें, असा तो संकेत होता. पतीनें काय लिहिलें नाहीं, तें पत्नीस बरोबर कळलें.

पवित्र शास्त्रांतील दावीद राजाचें पत्र येथें आठवतें. उरीयास जेथें लढाई तुंबळ असेल तेथें पुढें ठेवावें व मग मागें सरावें, असें त्यानें सेनापति यवाबास लिहिलें, आणि तें पत्र नेण्यासाठीं दिलें कोणाच्या हातीं, तर खुद्द उरीयाच्या! शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांतील हा प्रसंग आमच्या मुलांनीं अनेकदां ऐकला असेल. त्या पत्रांतही ‘मारावें’ हा शब्द नाहीं. मारणार ते शत्रूच. मात्र नाथान संदेष्ट्यानें गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगून ‘तो मनुष्य तूंच’ असें तोंडावर म्हटलें, तेव्हां दाविदानें ना यवाबाकडे बोट दाखविलें, ना दैवाकडे. आमच्याकडील रामशास्त्री हे नाथानच होते. मात्र त्यांच्यापुढें उभा असलेला धनी दावीद नव्हता.

आतां राघोबादादांच्या ‘धरावें’ या शब्दाकडे वळूं. आनंदीबाईंनीं एकही अक्षर बदललें नसतें असें क्षणभर धरून चाला. थकलेल्या पगारामुळें चिडलेल्या, नंग्या तरवारींच्या टोळीस आपल्याच पुतण्याच्या अंगावर सोडावें आणि ती त्याला केवळ धरील असें मानावें, हा भोळेपणा पेशव्यांच्या घराण्यांत जन्मलेल्या, अटकेपर्यंत फौजा नेलेल्या सेनापतीस शोभत नाहीं. ‘मारावें’ हें ‘धरावें’ च्या पोटांतच होतें. म्हणूनच रामशास्त्र्यांनीं दोष अक्षर बदलणाऱ्या हातावर न ठेवतां ज्याला गादी हवी होती त्याच्यावर ठेवला. मग लोकांना आनंदीबाई कां पुरेशी वाटली? कारण तें सोयीचें आहे. पराक्रमी पुरुषाच्या पातकासाठीं बाई किंवा चेटकीण शोधण्याची खोड फार जुनी आहे. एदेन बागेंत आदामानेंही पहिलें उत्तर तेंच दिलें होतें.

हें सारें राजेरजवाड्यांपुरतें असतें तर वार्षिकाचीं पानें आम्ही अडविलीं नसतीं. कांहीं वर्षांपूर्वीं दहावीच्या एका विद्यार्थ्यास त्याच्या वडिलांनीं सांगून ठेविलें होतें कीं, कांहींही कर, पण नव्वदच्या खालीं येऊं नकोस. पूर्वपरीक्षा झाली. मुलास गुण उत्तम मिळाले. त्याला कोणी पकडलें नव्हतें, कोणाचा संशयही नव्हता. पण तो जेवेनासा झाला आणि पांचव्या दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्या टेबलापाशीं येऊन त्यानें बोटभर लांबीची एक चिठ्ठी पुढें ठेविली. बोलला कांहींच नाहीं. वडिलांस बोलावणें धाडलें. ते सज्जन गृहस्थ, रोज पहांटेच्या लोकलनें मुंबईस जाणारे, पोटाला चिमटा घेऊन मुलास शिकविणारे. ते म्हणाले, “सर, कॉपी कर असं आम्ही त्याला कधीच सांगितलं नाही हो.” तें अक्षरशः खरें होतें. थोडा वेळ ते तसेच बसून राहिले. मग त्यांनीं ती चिठ्ठी मागून घेतली, उघडून वाचली, आणि घडी करून आपल्या पाकिटांत ठेविली. मुलाकडे नव्हे, खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, “वाचणाऱ्यानं वाचलंच की.”

वाशी, नेरूळपासून पनवेलपर्यंतच्या रस्त्यांवर शिकवणीवर्गांच्या पाट्यांवर मुलांच्या तसबिरी टांगलेल्या असतात. त्या पाट्याही एक प्रकारचें भविष्यच सांगतात. महत्त्वाकांक्षेस आम्ही पाप मानीत नाहीं; मॅक्बेथ शूर होता, राघोबादादाही शूर होते, आणि शूरानें मोठें होऊं पाहणें यांत वावगें तें काय? परंतु ‘कांहींही कर’ या दोन शब्दांत किती अक्षरें दडलीं आहेत, तें मूल आपल्यापेक्षां चांगलें वाचतें.

दैवाविषयीं एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. जें घडलें तें दैवानें घडविलें असतें, तर मॅक्बेथास एवढी यातना कां व्हावी? खून करून येतांना शेजारच्या दालनांत कोणी प्रार्थना म्हणत असतां त्याला ‘आमेन’ हा एक शब्द उच्चारतां येत नाहीं; तो घशांतच अडकतो. त्याची पत्नी त्या रात्रीं म्हणते कीं थोड्या पाण्यानें हें धुऊन जाईल. आणि पुढें तीच झोंपेंत चालत, दिवा जवळ ठेवून, नसलेला डाग घासूं लागते. पुरानें घर वाहून गेलें तर माणूस रडतो, पण आपले हात धूत बसत नाहीं. टोचणी लागते ती जें आपण टाळूं शकलों असतों त्याचीच. इतिहासांतील मॅक्बेथ १०४० पासून १०५७ पर्यंत सतरा वर्षें राज्य करीत होता. नाटककारानें तीं वर्षें आवळून दोन रात्रींच्या निद्रानाशाएवढीं केलीं, कारण त्याला राज्याशीं नव्हे, त्या टोचणीशीं काम होतें.

राघोबादादांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, पण टिकलीं नाहींत. नारायणरावांची विधवा पत्नी गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले, आणि बारभाईंनीं त्या तान्ह्या मुलास पेशवा केलें. दादा इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि १७७५ च्या मार्चमध्यें झालेल्या सुरतेच्या तहानें साष्टी व वसई त्यांस देऊं केली. आमच्या ऐरोलीच्या खाडीकांठीं उभें राहिलें असतां पैलतीरावर जी भूमि दिसते, तीच ही साष्टी. ती व वसई १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली होती चिमाजी अप्पांनीं. आणि चिमाजी अप्पा हे राघोबादादांचे सख्खे काका. एका काकानें मिळविलें, दुसऱ्या काकानें दिलें.

दादा १७८३ सालीं कोपरगांवीं वारले. ज्या गादीसाठीं हें सारें झालें, ती १७९६ सालीं त्यांच्या मुलासच, दुसऱ्या बाजीरावास, मिळाली आणि १८१८ सालीं त्याच्याच हातून कायमची गेली. रामशास्त्री निवाडा सांगून पुणें सोडून वाईकडे निघून गेले होते. बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर त्यांस परत बोलाविण्यांत आलें, आणि ते येऊन पुन्हां आपल्या न्यायाधीशाच्या बैठकीवर बसले.