सांध्याचा कोन

परंपरा आणि नवता ह्या जोडशब्दांवर मराठी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या चर्चेत बहुधा दोन टोके कल्पिलेली असतात. एक जागच्या जागी, दुसरे सरकलेले. आणि सरकलेल्या टोकाचे समर्थन करावे की निषेध, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहतो. ह्या दोन टोकांना जोडणारी जी वस्तू असते, तिचे मधल्या मध्ये काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. आम्हांलाही हा प्रश्न पडला तो उशिरा, आणि तोही कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात, एका जुन्या जीपच्या पोटाखाली वाकून पाहताना. विषय वाङ्मयाच्या अभ्यासकांना परका वाटेल. तरीही वाचकांनी थोडा वेळ आमच्याबरोबर तिथे बसावे, अशी विनंती आहे.

जीप आमच्या थोरल्या बंधूंची. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि पुढे परवाना घेऊन तिचे उत्पादनही केले. त्या कुळातली ही सीजे-थ्री-बी, १९७४ सालची. गगनबावड्याकडच्या पावसात आणि लाल चिखलात बंधूंनी ती तीसेक वर्षे चालवली. ते गेल्यावर ती पुतण्याकडे आली. त्याला खासगी माळावर होणाऱ्या चिखलातल्या शर्यतींचा नाद. त्याने ती एका गॅरेजात नेऊन पाच इंच उंच करून घेतली. ह्या जीपचे पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खालून बांधलेले असतात. ते अ‍ॅक्सलच्या वर घेतले की फारसे नवे सामान न लागता गाडी एकदम उचलली जाते. मोठे टायर बसतात आणि दगड पोटाला घासत नाहीत. मात्र मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ असे फेरफार सहसा मान्य करत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत असे स्पष्ट केले. त्यामुळे ही जीप तेव्हापासून फक्त शेतात आणि माळावर चालते. लांब न्यायची तर टेम्पोवर चढवून. वहिनींचा आक्षेप कायद्याचा नव्हता. उंच झालेली जीप पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, ही ह्यांची गाडी वाटत नाही.”

एका उन्हाळ्यात, आमच्याच जमिनीतल्या काजूच्या बागेकडे चढताना, जीपखालून आधी कटकट आणि मग मोठा आवाज आला. वहिनी पुतण्याच्या शेजारी बसलेल्या होत्या. इंजिन गुरगुरत राहिले, पण जीप थांबली आणि मागे सरकू लागली. पुतण्याने हातब्रेक ओढला. तो पूर्ण वर आला, पण काही उपयोग झाला नाही. गाडी गिअरमध्ये होती, त्याचाही उपयोग नव्हता. कारण ह्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर त्याचा ड्रम असतो. तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्टच तुटला होता. इंजिन, गिअर आणि हातब्रेक तिन्ही शाबूत होती. मात्र ती सगळी तुटलेल्या सांध्याच्या अलीकडे होती, आणि चाके पलीकडे. पायातल्या ब्रेकने जीप धरली. वहिनींनी उतरून चाकांमागे दगड लावले. मग पुतण्याने लोंबणारा दांडा सोडवला, चार चाकांची दांडी टाकली, आणि पुढच्या चाकांच्या जोरावर जीप खाली आणली. त्या प्रसंगाविषयी वहिनी आजही बोलत नाहीत.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी तुटका दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला, आणि जीपकडे न बघताच विचारले, “पाटे वर घेतल्यात न्हवं?” पुतण्याने मान हलवली. मिस्त्री म्हणाले, “उंची मागितली की लांबी द्यावी लागती, सर. ह्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई.”

त्यांच्या वाक्यामागचा हिशेब साधा आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस चासीला घट्ट बांधलेली असतात. अ‍ॅक्सल पाट्यांबरोबर वरखाली होतो. ह्या दोघांमधून फिरता जोर नेणाऱ्या दांड्याला म्हणून दोन्ही टोकांना सांधे लागतात, ज्यांना गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात. आणि दांड्याची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून एके ठिकाणी खाचांमध्ये सरकणारा जोड लागतो. समजा, दोन सांध्यांमधले आडवे अंतर वीस इंच आहे आणि दांडा सपाट आहे. मागचे टोक पाच इंच खाली गेले तर दांडा सुमारे चौदा अंशांनी कलतो, आणि त्याला सहा दशांश इंच जास्त लांबी लागते. तेच अंतर चाळीस इंच असते, तर कोन जेमतेम सात अंश. सीजे-थ्री-बीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतरच मुळी ८० इंच. त्यामुळे मागचा दांडा आखूड, आणि आधीपासूनच थोडा कललेला. उंचीचा सगळा भार त्या आखूड दांड्यावर येतो. जीप उचलणाऱ्या गॅरेजने पाटे वर घेतले, टायर बदलले, रंगही दिला. दांडा मात्र जुनाच ठेवला. सरकत्या जोडाचे दात बोटभरच एकमेकांत उरले होते, आणि मागचा क्रॉस इतक्या कोनात फिरत होता की त्याच्या सुया ग्रीस असूनही खाऊन गेल्या.

कोनात फिरणाऱ्या सांध्याची आणखी एक खोड आहे, आणि तिचा इतिहास रंजक आहे. ह्या सांध्याला युरोपात ‘कार्दान’ म्हणतात. जिरोलामो कार्दानो हा सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य, गणिती आणि जुगारी; अखेरच्या दिवसांत त्याने लिहिलेले आत्मचरित्र साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. एकात एक फिरणाऱ्या कड्यांचे वर्णन त्याने केले, म्हणून नाव त्याचे पडले. कल्पना त्याच्याहून कितीतरी जुनी. तिचा यंत्र म्हणून नीट विचार केला तो रॉबर्ट हूकने, १६७० च्या दशकात, आणि तोही खगोलीय उपकरणांच्या निमित्ताने. असा सांधा वाकवून फिरवला की पलीकडचा दांडा सारख्या वेगाने फिरत नाही: प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. चौदा अंशांच्या कोनात, मिनिटाला एक हजार फेरे देणारा दांडा पलीकडच्या टोकाला ९७० ते १०३१ ह्यांच्या दरम्यान हेलकावत असतो. मोटारगाडीसाठी ह्या सांध्याला वापरण्याजोगे रूप देऊन अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ साली त्याचे पेटंट घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपखालीही स्पायसरचेच सांधे होते.

ह्या हेलकाव्यावरचा उपाय आम्हांला सर्वांत विलक्षण वाटला. कोन नाहीसा करणे हा तो उपाय नाही. टोके वेगवेगळ्या उंचीवर आहेत तोवर कोन राहणारच. उपाय असा, की दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा दुसरा सांधा द्यायचा. पहिल्याने जेवढे पळवले तेवढे दुसरा आवरून धरतो, आणि चाकांकडे जाणारा फेरा पुन्हा एकसारखा होतो. अट दोन गोष्टींची. दोन्ही कोन समान हवेत, म्हणजे ट्रान्स्फर केसचे तोंड आणि अ‍ॅक्सलचे तोंड परस्परांना समांतर हवे. आणि दांड्याच्या दोन्ही टोकांची दुबेळकी एकाच पातळीत हवीत. सरकत्या जोडाचा एखादा दात चुकवून दांडा बसवला, तरी दुसरा सांधा पहिल्याला पुरतेपणी सावरू शकत नाही.

मिस्त्रींनी काम सुरू करण्यापूर्वी घरात वाद झाला. वहिनींचे म्हणणे, जीप होती तशी करा. पुतण्याचे म्हणणे, नवा दांडा घाला पण उंची राहू द्या. दोघेही आम्हांला मध्यस्थ समजत होते. दोघांच्याही बोलण्यात बंधूंचे नाव होते: वहिनींना त्यांची जीप राखायची होती, आणि पुतण्याला ती उभी करून ठेवण्यापेक्षा त्यांच्यासारखी चिखलात चालवायची होती. आम्हांला निवाडा देता आला नाही. तो मिस्त्रींनी त्यांच्या पद्धतीने दिला. पाच इंचांना इतक्या आखूड दांड्यावर चालवणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी पाटे थोडे सपाट करून जीप दीड इंच उतरवली. कोन दहा अंशांच्या आसपास आला. अ‍ॅक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर घालून अ‍ॅक्सलचे तोंड ट्रान्स्फर केसच्या तोंडाला समांतर केले. मग गाडीचा सगळा भार चाकांवर ठेवून, दोन तोंडांमधले माप घेतले. “हवेत टांगून माप घेतलं तर दांडा हवेतच चालंल,” असे ते म्हणाले. त्या मापाचा नवा पाइप लेथवर कापून, टोके वेल्ड करून, घड्याळी गेज लावून सरळ केला, मग समतोल साधून आणला. दोन्ही क्रॉस नवे घातले. बसवताना दातांवर खडूने बाणाची खूण केली. शेवटी जॅक लावून अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडला, मग पूर्ण वर दाबला, आणि दोन्ही वेळा सरकता जोड निसटत किंवा ठेकत नाही ना, हे बोट घालून पाहिले. पुढचे दुबेळके धड होते. ते जुन्या दांड्याचेच ठेवले.

आता वर्गाविषयी दोन शब्द. आम्ही लीळाचरित्र शिकवतो. तेराव्या शतकातले ते गद्य आजच्या मराठीत सांगितले की एक सांधा बसतो. सांगताना वेग विषम होतोच: मूळचे चार शब्दांचे वाक्य आम्ही दोन ओळींत उलगडतो, आणि बारकाव्यांनी भरलेला प्रसंग एका वाक्यात उरकतो. ह्यात शिक्षकाचा आळस नसतो, दोन भाषांच्या उंचीतला फरक असतो. तो सावरायला दुसरा सांधा लागतो: विद्यार्थ्याने त्या सुलभ अर्थावरून, आम्ही वाकलो तेवढेच वाकून, पुन्हा मूळ वाक्यापाशी येणे आणि ते मोठ्याने वाचणे. आमच्या परीक्षांना बहुतेकदा पहिला सांधा पुरतो. मार्गदर्शकांना तर तोच हवा असतो. मग मूळ ग्रंथ आणि विद्यार्थी ह्यांच्यामध्ये एक सूक्ष्म कंप सुरू होतो, आणि बरीच वर्षे तो कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या वाङ्मयाविषयीचा अभिमान अशा वेळी आपल्याला धरून ठेवील, असा आपला समज असतो. पण हा अभिमानही त्या जीपच्या हातब्रेकसारखा दांड्याच्या अलीकडेच बसवलेला असतो. मधला दांडा तुटला, की तो कितीही जोराने ओढला तरी चाके थांबत नाहीत.

रूपक ह्यापुढे ताणू नये. ग्रंथाचा कोन अंशांत मोजता येत नाही, आणि वर्गात जॅक लावून काही तपासता येत नाही. मात्र ‘जुने राखावे की उंच करावे’ ह्या प्रश्नाला आम्ही आता पहिल्याइतके महत्त्व देत नाही. उंची ठरली की दांड्याचे माप नव्याने घ्यावे लागते, आणि तेही सगळा भार चाकांवर असताना, एवढे काम त्या प्रश्नाच्या उत्तरानंतरही उरतेच.

जीप आता कटकट न करता बागेकडे चढते. पाऊस संपला की क्रॉसमध्ये ग्रीस भरायचे, अशी मिस्त्रींची सक्त ताकीद आहे. साडेतीन इंचांची उंचीही वहिनींना चढायला जास्तच होते. म्हणून पुतण्याने त्यांच्या बाजूला लोखंडी पायरी लावून दिली आहे. ती त्याने स्वतः, कोणी न सांगता केली. वहिनी तिच्यावर पाय ठेवून चढतात, आणि चढल्यावर एकदा हातब्रेककडे बघतात.